जुने हॉप्स फेकण्याआधी

हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या शंकूंची, काढणी वर्षातून एकदाच होते. वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं असो, बव्हेरियातलं हालरटाऊ असो की चेक प्रजासत्ताकातलं झाटेत्स, ऑगस्टच्या शेवटाकडे वेली उतरवायला सुरुवात होते आणि सप्टेंबर सरेपर्यंत बहुतेक काम उरकलेलं असतं. म्हणजे जुलैत दुकानातून ताजे म्हणून आणलेले हॉप्सही दहा महिन्यांचे असतात.

हे आधी सांगायचं कारण, घरी बिअर करणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न मला हमखास येतो: फ्रीझरच्या तळाशी दोन वर्षांपूर्वीचं पॅकेट सापडलंय, वापरू की टाकू? प्रश्न अर्थातच परदेशातून येतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करायला 1949च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे. ब्रिटनमध्ये परवान्याची अट 1963 साली गेली, अमेरिकेत 1978च्या कायद्याने वाट मोकळी झाली. तिथल्या मराठी घरांत आता बेसमेंटमध्ये पिंपं आणि फ्रीझरमध्ये हॉप्स दिसू लागलेत.

माझं उत्तर ठाम आहे. पॅकेटचं वय किती ते नंतर विचारा, ते कुठे आणि कसं ठेवलं होतं ते आधी विचारा.

हॉप्सचा एक शंकू घ्या आणि उभा फाडा. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसेल. हे लुप्युलिन. बिअरला हॉप्सकडून लागणारं जवळपास सगळं त्यात असतं: कडवटपणा देणारी अल्फा आम्लं, त्यांच्या जोडीची बीटा आम्लं आणि सुगंधी तेलं. शंकू ताजा असेल तर ही भुकटी लख्ख पिवळी असते आणि बोटांवर चोळली की संत्र्याच्या सालीचा, पाइनचा, ओल्या गवताचा वास येतो. जुना झाला की ती नारिंगीकडे, मग तपकिरीकडे झुकते. सुगंध सगळ्यात आधी उडतो. मग प्राणवायू अल्फा आम्लांना खाऊ लागतो आणि त्यातून सुटणाऱ्या आयसोव्हॅलेरिक आम्लामुळे चीजसारखा, कधी घामट मोज्यांसारखा वास मारतो. हॉप्स दाबून केलेल्या गोळ्यांतही हेच घडतं, फक्त सावकाश.

किती सावकाश, याचा हिशेब मार्क गॅरेट्झ यांनी 1994च्या आपल्या हॉप्सवरच्या पुस्तकात मांडला. त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत: हॉप्सचा वाण, तापमान आणि वेष्टण. तापमान पंधरा अंशांनी उतरलं की नासण्याचा वेग साधारण निम्मा होतो. हवा काढून बंद केलेल्या पॅकेटात तो आणखी निम्मा. कॅस्केड हा घरगुती बिअरवाल्यांचा लाडका वाण, पण साठवणीला नाजूक. उघडं पाकीट 20 अंशांवर ठेवलं तर सहा महिन्यांत त्याची जवळपास अर्धी अल्फा आम्लं जातात, वर्षभरात पाऊण. तेच कॅस्केड हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवलं, तर याच हिशेबाने दोन वर्षांतही साधारण पाचवा हिस्साच घटतो. म्हणजे कपाटातलं वर्षाचं पॅकेट म्हातारं आणि फ्रीझरमधलं दोन वर्षांचं तरणंताठं.

समजा पॅकेटवर 6 टक्के अल्फा छापलंय आणि फ्रीझरमधल्या दोन वर्षांनी ते 4.8च्या आसपास आलंय. 28 ग्रॅमच्या जागी 35 ग्रॅम घाला, काम झालं. कपाटातल्या पॅकेटात मात्र दीड टक्काच उरलेला असतो. तिथे हिशेब चौपट, 112 ग्रॅम सांगतो. एवढा पाला एकोणीस लिटरच्या घाण्यात ढकललात तर तो बिअर शोषून बसेल आणि वर गवताळ तुरटपणा देईल. ते पॅकेट साध्या पेल एलमध्ये घालू नका.

या गणितात एक मेख मात्र आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. अल्फा आम्लं गेली म्हणजे कडवटपणाही तितकाच गेला, असं होत नाही. त्यांच्या ऑक्सिडीकरणातून ह्युम्युलिनोन तयार होतात, बीटा आम्लांपासून ह्युलुपोन. दोन्ही कडू. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली चाखणाऱ्यांकडून हे पारखून घेतलं: नेहमीच्या उकळलेल्या हॉप्सच्या कडवटपणाशी तुलना करता ह्युम्युलिनोन सुमारे दोन-तृतीयांश कडू निघाले, ह्युलुपोन त्याहूनही जास्त. म्हणून जुन्या हॉप्सची भरपाई हात राखूनच करावी. गणिताने सव्वापट सांगितलं तर मी थोडं कमीच घालते आणि ते सगळं उकळीच्या सुरुवातीला टाकते. तासाभराच्या उकळीत नकोसा वास बराचसा वाफेबरोबर निघून जातो. आंबवण झाल्यावर सुगंधासाठी घालायचे हॉप्स मात्र नवेच आणावेत. तिथे काटकसर केली तर ग्लास नाकाशी नेताक्षणीच पकडली जाते.

आता त्या खऱ्या म्हाताऱ्या, तपकिरी पॅकेटाकडे येऊ. ते फेकून द्या असं मी म्हणणार नाही. मऊ भाताला नवा तांदूळ आणि मसालेभाताला जुना, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. हॉप्सच्या बाबतीत हीच समज ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात टिकून आहे. तिथली लांबिक बिअर मुद्दाम जुन्या, दोन-तीन वर्षं मुरवलेल्या हॉप्सनीच होते. आंडरलेख्टमधल्या कान्तिलाँ या 1900 सालापासूनच्या ब्रुअरीत आजही तसंच चालतं. बार्लीचा मॉल्ट आणि कच्चा गहू यांचं पाणी कित्येक तास उकळतात, मग उथळ तांब्याच्या परातीत थंडीच्या रात्री उघडं ठेवतात. हवेतल्या आणि लाकडी पिंपांतल्या यीस्ट-जिवाणूंनी ते आंबतं. अशा पेयाला हॉप्स लागतात ते रक्षणासाठी, नको ते जिवाणू माजू नयेत म्हणून. ताज्या हॉप्सचा कडवटपणा आणि सुगंध तिथे अडचणच ठरतो, कारण आंबटाशी कडू भांडतं. जुन्यांत सुगंध संपलेला, कडवटपणा निवलेला, तरी जिवाणूंना आवर घालण्याची ताकद बरीचशी शाबूत. उरलेला चीजसारखा वासही वाया जात नाही. ब्रेटॅनोमायसिस यीस्ट पुढच्या महिन्यांत त्याच्या काही भागाचं फळांच्या वासात रूपांतर करतं.

लांबिकच्या धर्तीवर घरी काही करायचं असेल तर ते पॅकेट कागदी पिशवीत ओतून माळ्यावर टाका आणि विसरून जा. ओव्हनमध्ये भाजून हॉप्स झटपट म्हातारे करणारेही आहेत. मला ते पटत नाही. ज्या बिअरला पिंपात वर्ष-दोन वर्षं द्यायची, तिच्या हॉप्सच्या बाबतीत घाई कसली करायची?

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या ब्रुअरींच्या वह्यांत हॉप्सच्या नोंदीपुढे पिकाचं साल लिहिलेलं सापडतं आणि एकाच घाण्यात दोन-दोन सालांचे हॉप्स पडलेले दिसतात. त्यांना माल ओळखता येत होता, कारण साल माहीत होतं. आज कित्येक पॅकेटांवर ते नसतं, फक्त अमुक तारखेपर्यंत वापरा एवढंच असतं, आणि वरच्या हिशेबाला त्या तारखेचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा दुकानात पिकाचं साल विचारा, सांगता येत नसेल तर दुसरीकडून घ्या. आणि घरी पॅकेट उघडलंत की फ्रीझरमध्ये परत ठेवताना त्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा.