आरंभशूरांचा कैवार

नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात मैदानांवर पहाटे जी गर्दी दिसते, ती संक्रांत उलटताच ओसरू लागते आणि महाशिवरात्रीच्या सुमारास नेहमीचे चार-दोन निवृत्त गृहस्थ तेवढे उरतात. ‘मराठी माणूस आरंभशूर’ असे म्हणून आपण या प्रकाराची थट्टा करतो. ज्याचा संकल्प मोडला तोही, आपल्याला मनोनिग्रहच नाही, असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. हा निकाल अन्यायाचा तर आहेच, पण घातकही आहे. कारण स्वतःला दुर्बळ ठरविणारा माणूस पुन्हा प्रयत्न करीत नाही.

एकवीस दिवसांत सवय जडते, हा समज या निराशेच्या मुळाशी आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन शल्यविशारदाने 1960 साली लिहिले ते एवढेच की, शस्त्रक्रियेने बदललेला चेहरा अंगवळणी पडण्यास रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ गळाला आणि नियम तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 व्यक्तींचा अभ्यास केला. 2010 साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सवय जडण्यास साधारणतः 66 दिवस लागतात. मात्र कोणाला 18, तर कोणाला 254 दिवसही लागू शकतात. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसून आले. म्हणजे एक खाडा पडला म्हणून व्रत सोडणारा माणूस विनाकारणच हार मानतो.

प्रश्न केवळ हौसेचा असता तर गोष्ट निराळी. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 व्यक्तींची चेन्नईत सुमारे तीन वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. नेहमीचा सल्ला देऊन सोडलेल्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह जडला. आहार व चालण्याबाबत ज्यांचा सतत पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 39 टक्के राहिले. उपदेश दोघांनाही मिळाला होता, पाठपुरावा एकांनाच.

हे मर्म वारकऱ्यांना फार पूर्वीच उमगले आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणारा प्रत्येक जण लोहपुरुष नसतो. दिंडीतली जागा ठरलेली, निघण्याची वेळ ठरलेली, मुक्काम ठरलेला आणि सोबतीला माणसे. ज्या दिवशी मन कच खाते, त्या दिवशी ही व्यवस्थाच पायांना पुढे नेते.

तेव्हा मोठा संकल्प सोडून छोटी व्यवस्था करावी. सकाळच्या चहानंतर वीस मिनिटे चालणे, कचेरीतून परतताना एक थांबा आधी उतरणे, शेजाऱ्याला बरोबर घेणे, एवढे पुरे. मात्र सारा भार व्यक्तीवर टाकून नगरपालिकांना सुटता येणार नाही. पदपथ फेरीवाल्यांनी आणि वाहनांनी व्यापलेले, शाळांची मैदाने संध्याकाळी कुलूपबंद. अशा गावात चालण्याचा उपदेश करणे म्हणजे विहीर बुजवून पाणी पिण्याचा सल्ला देणे होय.

आरंभ करणे हा दोष नव्हे. ज्याने दहा वेळा आरंभ केला, त्याला अकराव्यांदा हसण्याऐवजी सोबत द्यावी.