हौशी ध्वनिमुद्रकाची अपेक्षा

तपकीर गल्लीतील दुकानात मायक्रोफोनची चौकशी करणारा हौशी गृहस्थ बोलून दाखवीत नसला, तरी त्याच्या कानांत एक जुना ध्वनी ठाण मांडून बसलेला असतो, आणि पुणेकराच्या बाबतीत तो बहुधा आकाशवाणीचाच असतो. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून सुरू होऊन आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतांनी पूर्ण झालेल्या गीतरामायणाने घरोघर जी अपेक्षा पेरून ठेवली, ती आता घरच्या संगणकाच्या माथी मारली जाते. परंतु त्या ध्वनीमागे माडगूळकरांची लेखणी, फडक्यांची चाल, माणिक वर्मांसारखा कसलेला गळा, निःशब्द खोली आणि सरकारी पगारावरील तंत्रज्ञ एवढा सरंजाम उभा होता. घरी मात्र कवीपासून शिपायापर्यंत सर्व पदांचा कारभार एकाच इसमाकडे, आणि तोही कचेरीतून थकून आल्यावर, रात्रीची निजानीज झाली म्हणजे चालावयाचा. यंत्र स्वस्त झाले म्हणजे सरंजामही हाती आला, हा समज माझ्या मते या छंदातील बहुतेक दुःखांचे मूळ आहे.

पहिले दुःख स्वतःच्या आवाजाचे. गाताना आपला आवाज हवेतून जसा कानी येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांच्या वाटेने खर्जाचा अंश अधिक पोहोचत असल्यामुळे तो आपणांस भरदार वाटतो. मायक्रोफोनला ती वाट नसल्यामुळे मुद्रित आवाज कृश व परका भासतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आयुष्यभर ऐकलेला आवाज तोच. हे ध्यानी न घेता गृहस्थ यंत्रास दोषी ठरवितो आणि अधिक किमती मायक्रोफोन आणतो. तो अधिक संवेदनशील असल्याने आता पंख्याची घरघर, वरच्या मजल्यावरील कुकरची शिटी आणि उघड्या भिंतींवरून परतलेला घुमारा, सारे काही इमानेइतबारे मुद्रित होते. वस्तुतः पंखा बंद करून गाणाऱ्याच्या पाठीशी एक जाड गोधडी दोरीवर टाकली, तर निम्मे काम फुकटात होते. (गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की मात्र नदीकाठच्या मंडळींनी सरळ रजा घ्यावी, तेथे गोधडीचा इलाज चालत नाही.)

दुसरे दुःख कीर्तीचे. या शहरात १९११ साली भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या गळ्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. बालगंधर्व व मास्टर कृष्णराव या शिष्यांच्या तबकड्यांतून त्यांची तालीम तेवढी ऐकू येते. आपले गाणे परक्यासारखे दूर बसून पुन्हापुन्हा ऐकण्याची जी सोय आज कोणाही कारकुनास लाभली आहे, ती सोडून तो ऐकणाऱ्यांचा आकडा मोजीत बसतो, याचे मला नवल वाटते. तार षड्जाला आपला स्वर किंचित उतरतो, सम जवळ आली की लय पळू लागते, हे गुरूने वारंवार बजावूनही न पटलेले सत्य यंत्र एका रात्रीत पदरात घालते. त्या बाबतीत त्याच्याकडून कितीही अपेक्षा करावी, ती वाया जात नाही.

श्रोत्यांसाठी एक तजवीज सुचवितो. १८४८ पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या संस्थांनी महिन्यातून एक संध्याकाळ या मंडळींसाठी राखावी. प्रत्येकाने घरी केलेले एकच मुद्रण आणावे, तेही जुन्या तबकडीच्या एका बाजूइतके, म्हणजे सुमारे तीन मिनिटांचे, आणि ऐकणाऱ्यांनी काय ऐकू आले ते तोंडावर सांगावे. स्पर्धा, पारितोषिके आणि प्रमुख पाहुणे नसावेत. तिसरी अट पुण्यात मंजूर होणे कठीण, याची मला कल्पना आहे.