आकडे वाचताना संधीही मोजा



"आमच्या वेळी दोनशे रुपयांत महिना निघत होता," असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. त्या दोनशेची आजच्या पगाराशी आपण सरळ तुलना करत नाही. आधी त्या वेळचा भाव विचारतो. खेळाडूंच्या बाबतीत मात्र हा हिशेब आपण विसरतो. अमेरिकन फुटबॉलचेच उदाहरण घ्या.

हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही. लंबगोल चेंडू हातात धरून किंवा फेकून पुढे न्यायचा. डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याची फेक झेलून साथीदार शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचला की टचडाउन होतो.

1959 च्या हंगामात जॉनी युनिटासने असे 32 टचडाउन करून दिले. 1984 साली डॅन मरिनोने 48, तर 2013 साली पेटन मॅनिंगने 55. मग युनिटास कमी दर्जाचा ठरला काय? त्याचा हंगाम 12 सामन्यांचा होता, त्या दोघांचा 16 चा. सरासरी काढली तर युनिटासची 2.67 आणि मरिनोची 3 येते. शिवाय 1978 साली नियम बदलले. चेंडू झेलायला धावणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे अडवण्यास मनाई झाली आणि फेकणाऱ्याचे काम सोपे झाले.

टॉम ब्रॅडीने 23 हंगामांत 7 सुपर बोल जिंकले. ऑटो ग्रॅहमने 1946 ते 1955 या 10 हंगामांत, दोन लीग मिळून, 7 अजिंक्यपदे मिळवली. पण सुपर बोल सुरू झाला 1967 साली, म्हणून ग्रॅहमच्या नावापुढे तो रकाना कोराच आहे.

सामने आणि नियम यांचा फरक तरी हिशेबात धरता येतो. ज्याला जागाच मिळाली नाही, त्याचे काय? कृष्णवर्णीय खेळाडू धावेल, पण डोक्याचे काम त्याला जमणार नाही, असा तेथे समज होता. 1968 साली मार्लिन ब्रिस्कोने नवखा असून डेन्व्हरकडून 14 टचडाउन करून दिले. पुढच्याच वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. उरलेली कारकीर्द त्याने चेंडू झेलणारा म्हणून काढली.

वॉरन मूनलाही दुसऱ्या जागी खेळण्यास सांगण्यात आले. त्याने जागा सोडली नाही, देश सोडला. 1978 पासून कॅनडात सहा हंगाम खेळून त्याने एडमंटनला सलग 5 अजिंक्यपदे मिळवून दिली. 1984 साली तो अमेरिकेच्या एनएफएलमध्ये आला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. तरी तेथे त्याने 49,325 यार्ड फेक केली. कॅनडातील 21,228 यार्ड एनएफएलच्या वहीत धरले जात नाहीत. 2006 साली हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. पुढे फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स असे दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. असे प्रथमच घडले.

म्हणून कोण मोठा, हा वाद मुले घरात घालतील तेव्हा त्यांना एवढेच विचारा: सामने किती होते, नियम कोणते होते, आणि मैदानात कोणाला उतरू दिले होते? या तीन प्रश्नांनंतरच बेरीज करावी.