महापौर परिषद पुन्हा उभी करू या

फेब्रुवारी 2017 च्या मुंबई पालिका निवडणुकीत गिरगावच्या फणसवाडीतल्या ज्या मुलाचे अठरावे वर्ष महिन्याभराने हुकले, त्याला नगरसेवक निवडायची पहिली संधी मिळाली ती थेट 15 जानेवारी 2026 रोजी. तोवर तो सव्वीस वर्षांचा झाला होता. मधल्या काळात त्याने दोनदा खासदार निवडला, दोनदा आमदार निवडला. म्हणजे दिल्लीत कोण बसावे आणि मंत्रालयात कोण बसावे हे त्याला विचारले गेले. आपल्या चाळीमागची घरगल्ली साफ कोणी करून घ्यावी, नळाला पाणी किती वाजता सुटावे आणि ठाकूरद्वारचा फुटपाथ कितीदा खणावा, हे ठरवणारा माणूस निवडायला मात्र त्याला कोणी बोलावले नाही.

हे घटनेला धरून झाले नाही. कलम 243-यू अगदी स्पष्ट आहे. पालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. त्यानंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभाग 227 ठेवायचे की 236 करायचे याचा वाद, त्यावरच्या याचिका, तारखांवर तारखा. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत घ्या असे सांगितले, त्यालाही पुन्हा मुदतवाढ लागली. जवळजवळ चार वर्षे मुंबईचे सभागृह रिकामे राहिले.

त्या काळात तीन अर्थसंकल्प आले. 2023-24 चा 52 हजार 619 कोटींचा, 2024-25 चा 59 हजार 954 कोटींचा आणि 2025-26 चा 74 हजार 427 कोटींचा. देशातल्या काही छोट्या राज्यांनाही एवढा खर्च झेपत नाही. तिन्ही वेळा आयुक्तांनी तो मांडला आणि प्रशासक या नात्याने त्याच खुर्चीने तो मंजूर केला. लोकांमधून निवडून आलेल्या एकाही माणसाने उभे राहून विचारले नाही की या आकड्यांत फणसवाडीच्या वाट्याला काय आले.

आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, नगरसेवक नव्हते तेच बरे होते, निदान भांडणे तरी नव्हती. हे मत मी चिराबाजारात अनेकांकडून ऐकले आहे आणि ते मला मनापासून चुकीचे वाटते. अधिकारी चांगला असेलही. पण बदली झाली की तो जातो, आणि आपण त्याला घालवूही शकत नाही, ठेवूही शकत नाही. नगरसेवकाला पाच वर्षांनी आपल्या दारात यावे लागते. त्या एका भीतीपोटी किती गटारांची झाकणे वेळेवर बसतात, हे वाडीत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

आता सभागृह पुन्हा भरले आहे, महापौर पुन्हा आले आहेत. मग वाचवायचे काय राहिले, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की आपण एक गोष्ट पार विसरून गेलो आहोत आणि ती वाचवली नाही तर हे सगळे पुन्हा घडेल. महाराष्ट्रातल्या महापौरांची एक परिषद आहे. वेगवेगळ्या शहरांत तिच्या बैठका होत. सगळ्या पक्षांचे महापौर एकत्र बसत, महापौराला काही खरे अधिकार द्या अशी मागणी करत, आपापल्या शहरातल्या पाण्याच्या आणि पैशाच्या अडचणी एकमेकांना सांगत. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे तिला पाठबळ होते. राज्यभर मुदती संपत गेल्या. 2023 साल संपताना अहमदनगर आणि धुळे या शेवटच्या दोन महापालिकांचीही मुदत सरली आणि महाराष्ट्रात एकही महापौर उरला नाही. महापौरच नाहीत, तर परिषद कोणाची भरणार? निवडणुका लांबल्या त्या काळात ज्या व्यासपीठाने सगळ्यात मोठ्याने ओरडायला हवे होते, त्याच्यावर उभे राहायलाच माणूस राहिला नाही.

राज्ये एकत्र बसतात तेव्हा काय होते ते पाहा. वस्तू आणि सेवा कर (जीएसटी) यायच्या कितीतरी आधी, 2000 साली, राज्यांच्या अर्थमंत्र्यांची अधिकारप्राप्त समिती स्थापन झाली. केंद्रात वाजपेयींचे सरकार आणि समितीचे अध्यक्ष पश्चिम बंगालचे कम्युनिस्ट अर्थमंत्री असीम दासगुप्ता. पुढे 2011 मध्ये केंद्रात काँग्रेस असताना बिहारचे भाजपचे सुशीलकुमार मोदी त्याच खुर्चीवर बसले. पक्षापेक्षा राज्याची तिजोरी महत्त्वाची, हे तिथे सगळ्यांना कळले होते. त्यातूनच पुढे जीएसटी परिषदेचा पाया पडला. या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मते हवीत. म्हणजे राज्यांना सोडून केंद्र पुढे जाऊ शकत नाही. कर हातचा जाणार म्हणून राज्यांनी पाच वर्षांसाठी दरवर्षी 14 टक्के वाढ धरून भरपाई कायद्यात लिहून घेतली.

जीएसटी लागू झाला त्याच दिवशी, 1 जुलै 2017 रोजी, मुंबईची जकात बंद झाली. वर्षाला 7 हजार कोटींच्या आसपास येणारा, पालिकेने स्वतः गोळा केलेला, स्वतःच्या नाक्यांवरचा पैसा. त्याच्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देते. पहिला हप्ता 647 कोटींचा होता. ही भरपाई वर्षाला 8 टक्क्यांनी वाढते. राज्यांची भरपाई पाच वर्षांत संपली आणि महापालिकांची चालू आहे, हे मान्य केले पाहिजे, ती जमेची बाजू आहे. पण ज्या टेबलावर हा सगळा व्यवहार ठरला त्या टेबलाभोवती एकाही शहराचा महापौर नव्हता. जकात मुंबईची होती. तिच्याविषयी बोलणी इतरांनी केली. तेव्हापासून देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका दर महिन्याला मंत्रालयाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते.

चाळीतल्या प्रत्येक भाडेकरूने मालकाकडे एकेकट्याने जावे आणि दुरुस्ती मागावी, तसे आपल्या महापालिकांचे झाले आहे. कमिटी असती तर मालकाला जिना उतरून खाली यावे लागले असते. राज्यात आज 29 महापालिका आहेत. मुंबईची भरपाई, नागपूरचा पाणीप्रश्न, कोल्हापूरची हद्दवाढ आणि सोलापूरच्या पाणीवाटपाचे दिवस यांत वरवर काही साम्य नाही. पण प्रत्येक ठिकाणी निर्णय मंत्रालयातल्या नगरविकास खात्यात होतो आणि प्रत्येक महापौर तिथे एकटा जातो.

फणसवाडीपुरते बोलायचे तर आपल्याला हे रोज भोगावे लागते. इथे पाणी, मलनिःसारण आणि कचरा महापालिकेकडे. इमारत उपकरप्राप्त असली तर तिचे दुखणे म्हाडाच्या रिपेअर बोर्डाकडे. दक्षिण आणि मध्य मुंबईत अशा 19 हजार 642 इमारती मोजल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या कित्येक गिरगाव-काळबादेवीच्या वाड्यांत आहेत. खालून जाणारी मेट्रो 3 केंद्र आणि राज्याच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या कंपनीची. काळबादेवी आणि गिरगाव स्थानकांसाठी घरे सोडावी लागलेल्या लोकांनी पुनर्वसनाचा प्रश्न विचारायचा तो नगरसेवकाला नव्हे, त्या कंपनीला. नियोजनाचा अधिकार एकेका प्राधिकरणाकडे तुकड्यातुकड्याने गेला आणि मग लोक म्हणू लागले, नगरसेवक काही करत नाही. करणार कशाने? घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी 18 विषय लिहिले आहेत, नगरनियोजन त्यात अगदी पहिले. ते प्रत्यक्षात सोपवायचे की नाही हे मात्र राज्यावर सोडलेले आहे. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने कारभाराचा अधिकार आयुक्ताला दिला, तो आजही त्याच्याकडेच आहे. 1998 मध्ये मुंबईत मेयर-इन-कौन्सिल पद्धती, म्हणजे महापौराच्या मंडळाकडे खरा कारभार, आणून पाहिली; वर्षभरात ती गुंडाळली. तिला नीट चालायला वेळच मिळाला नाही.

शहरांच्या आवाजाचा हा प्रश्न दूरच्या देशांनी कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेने स्थानिक संस्थांच्या संघटनेला मान्यता दिली आणि प्रांतांच्या राष्ट्रीय परिषदेत तिच्या दहापर्यंत प्रतिनिधींना बसून बोलायचा हक्क दिला. मत नाही, पण आवाज आहे. जपानमध्ये प्रांतांच्या राज्यपालांच्या, शहरांच्या महापौरांच्या, गावांच्या प्रमुखांच्या वेगवेगळ्या संघटना आहेत. 2011 मध्ये तिथे कायदा झाला की स्थानिक कारभारावर परिणाम करणाऱ्या विषयांवर केंद्राने या संघटनांशी बैठक घेऊन बोलायचे. आपल्याच देशात, केरळमध्ये, ग्रामपंचायतींच्या आणि नगराध्यक्षांच्या संघटना आहेत. 1996 च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना खर्चातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे गेला, आणि त्यानंतरच्या सरकारांना तो सहज मागे घेता आला नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. 1 मे 1962 रोजी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने जिल्हा परिषदा सुरू केल्या, तेव्हा वसंतराव नाईक समितीने जिल्ह्यालाच विकासाचे मुख्य केंद्र मानले होते. देशात त्या धाडसाचे कौतुक झाले. आणि त्याहून जुने म्हणजे 1926 साली याच मुंबईत स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी शिक्षण आणि अभ्यासाचे काम करणारी संस्था उभी राहिली, तीच आजची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था. अंधेरीतल्या बर्फीवाला मार्गावरच्या तिच्या स्थानिकराज भवनात पालिकेचे हजारो कर्मचारी शिकले. आपल्या वॉर्डातला स्वच्छता निरीक्षक बहुधा तिथलीच पदविका घेऊन आलेला असतो. 2026 हे तिचे शंभरावे वर्ष. या वर्षी राज्यातल्या सगळ्या महापौरांनी तिच्या छताखाली एकत्र बसावे, याहून योग्य मुहूर्त मला सुचत नाही.

परिषदा बंद पाडायला कोणाला आदेश काढावा लागत नाही, फक्त बैठक बोलवायची नाही. घटनेच्या कलम 263 खाली 1990 मध्ये आंतरराज्य परिषद नेमली गेली. तिची शेवटची बैठक जुलै 2016 मध्ये झाली. राज्यांसारख्या बलाढ्य संस्थांच्या परिषदेची ही अवस्था, तर महापौरांच्या परिषदेची कोण पर्वा करणार? म्हणून ती आपण मागायची आहे.

गिरगावकरांनो, फणसवाडी, चिराबाजार, ठाकूरद्वार, काळबादेवीच्या रहिवाशांनो, या कामाला फार मोठ्या मोर्चाची गरज नाही. सी आणि डी या दोन विभागांची मिळून एक प्रभाग समिती आहे. तिच्यात आपले नगरसेवक बसतात, आणि कायद्याने तीनपर्यंत स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीही बसवता येतात. हे प्रतिनिधी नेमले गेले का, हे आधी विचारा. नसतील तर आपल्या वाड्यांच्या मंडळांनी नावे द्यावीत. गणेशोत्सवाची वर्गणी, मांडवाची परवानगी, विसर्जनाचा मार्ग सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना कागद चालवता येतो. त्यांनीच पुढे व्हावे. दुसरे, 2009 मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेचा कायदा केला, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या सगळ्या मतदारांची सभा. केंद्राच्या नेहरू नागरी अभियानाचा निधी हवा म्हणून तो झाला आणि निधी आल्यावर विसरला गेला. आपल्या नगरसेवकाने फणसवाडीची क्षेत्रसभा भरवावी असा आग्रह धरा.

आणि मग नगरसेवकाकडून प्रभाग समितीत एक ठराव मांडून घ्या. त्यात मोजके मुद्दे असावेत. मुंबईच्या महापौरांनी राज्यातल्या सगळ्या महापौरांची परिषद याच वर्षी बोलवावी. मुदत संपली की कोणत्याही कारणाने निवडणूक पुढे ढकलली जाणार नाही, यासाठी परिषदेने एकमुखाने कायदा मागावा. पालिकांच्या उत्पन्नावर किंवा नियोजनाच्या अधिकारावर परिणाम करणारा कुठलाही निर्णय राज्याने या परिषदेशी बोलल्याशिवाय घेऊ नये. नगरसेवक कुठल्या पक्षाचा आहे याने फरक पडू नये. अर्थमंत्र्यांच्या समितीत पडला नव्हता.

चंदनवाडीतल्या सी वॉर्ड ऑफिसात पत्र आवक खिडकीवर द्या आणि पोच घ्या. एका वाडीचे एक पत्र, सह्या जितक्या मिळतील तितक्या. महिन्याभरात उत्तर आले नाही तर पुढच्या प्रभाग समितीच्या बैठकीला पाच-सहा जणांनी जाऊन बसू आणि तोच प्रश्न तोंडी विचारू.