सादृश्य म्हणजे पुरावा नव्हे

डोंगरउतारावर सापडलेला एखादा गोल दगड अंड्यासारखा दिसतो, एखाद्या शिळेवर नेच्याच्या पानासारखी नक्षी आढळते, आणि पाहणारा ते जीवाश्म असल्याचे मानून मोकळा होतो. हे कुतूहल स्तुत्यच आहे. परंतु आकारातील साम्य हाच पुरावा समजण्याची सवय शास्त्राला घातक असून ती शाळेतच मोडली पाहिजे, असे आमचे मत आहे.

ही चूक केवळ हौशी लोकांच्याच हातून होते असे नव्हे. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील चित्रांकित शैलाश्रय १९५७ मध्ये डॉ. वि. श्री. वाकणकर यांनी प्रकाशात आणले. तेथील एका मोठ्या गुहेत छतापाशी पानासारखी, मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना शिरा फुटल्यासारखी एक आकृती होती. ती ‘डिकिन्सोनिया’ या अतिप्राचीन जीवाचा अवशेष होय, असा निष्कर्ष अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक व त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये मांडला. पुढे फ्लॉरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट प्रभृतींनी त्या गुहेत जाऊन पाहिले, तेव्हा ती आकृती खडकापासून सुटत चाललेली दिसली. तिच्यात पोळ्याच्या घरांची रचना आढळली आणि त्या परिसरात आग्या मोहोळेही होती. कोट्यवधी वर्षे खडकात टिकलेली वस्तू दोन-तीन वर्षांत अशी झडून जात नाही. ते जुन्या मोहोळाचे अवशेष होते. ही तपासणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि रिटॅलॅक यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

प्रश्न एका आकृतीपुरता नव्हता. डिकिन्सोनियाचे अवशेष सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत सापडतात. ते भीमबेटक्यास खरोखर असते, तर तेथील विंध्य खडकांचे वयही त्याच सुमाराचे ठरले असते. उलट, झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून मीर्ट प्रभृतींनी ते खडक १०० कोटी वर्षांहून जुने मानले आहेत. केवळ एका साम्यापायी भारताच्या भूवैज्ञानिक इतिहासातील फार मोठा कालखंड इकडचा तिकडे झाला असता.

मग पारख कशी करावी? पहिला प्रश्न खडकाचा. चिखल, वाळू वा चुना थराथराने साचून झालेल्या खडकांत जीवाश्म मिळतात. लाव्हा थिजून झालेल्या बसाल्टात ते सहसा मिळत नाहीत. महाराष्ट्रातील बसाल्टाचे धोंडे झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटतात आणि आत गोल गाभा उरतो. त्याला अंडे म्हणणे चुकीचे होय. दुसरा प्रश्न अंतर्रचनेचा. भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यातील मँगनीजच्या संयुगांची काळी नक्षी नेच्यासारखी दिसते, पण भिंगाखाली तिच्यात मध्यशीर किंवा पर्णिकांतील शिरा आढळत नाहीत. तिसरा प्रश्न स्थानाचा. वस्तू खडकाच्या अंगातली आहे, की त्याच्या पृष्ठभागावर चिकटलेली? भीमबेटक्याच्या बाबतीत हाच प्रश्न निर्णायक ठरला.

संशय घेणे म्हणजे नाकारणे नव्हे. देव्हाऱ्यातील शाळिग्राम पाहावा. नेपाळातील गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या दगडांतील चक्र पुष्कळदा अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचे असते. त्याच्या वेटोळ्यांत ठरावीक अंतराने पडदे असतात. प्राणी वाढत गेला तसतसा तो एकेक कप्पा मागे टाकीत गेला, हे त्यांवरून दिसते. येथे बाह्य साम्याला अंतर्रचनेची साक्ष मिळते, म्हणून ते ग्राह्य ठरते.

यास्तव शाळांच्या संग्रहालयांनी एक नियम पाळावा. ‘डायनोसोरचे अंडे’ अशी चिठ्ठी लावण्यापूर्वी तो दगड कोठे, कोणत्या खडकात व कोणत्या स्थितीत मिळाला, याची नोंद करावी. स्थळाचे छायाचित्र घ्यावे. दगड उकरण्याची वा फोडण्याची घाई करू नये. शक्य तेथे जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञानाच्या अध्यापकांचे मत घ्यावे आणि तोवर चिठ्ठीवर ‘अनिश्चित’ एवढेच लिहावे. कपाटात अशा चिठ्ठ्या पुष्कळ असल्या, तरी त्यात शाळेने कमीपणा मानण्याचे कारण नाही.