बिनछापाचा बाटला विकणाऱ्यांनी याद राखावी

दिवाळी उरकली की आपल्या पाड्यांतली माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. बिऱ्हाड पाठीवर, पोरे काखेला. तिथे सरपण मिळेलच असे नाही, म्हणून जाताना बाजारातून गॅसचा छोटा बाटला घेतला जातो. पत्र्याला रंग फासलेला, डोक्यावर बर्नर पिळून बसवलेला. अंगावर ना कंपनीचे नाव, ना चाचणीची तारीख. संपला की दुकानदारच किलोच्या भावाने भरून देतो. साखरशेतपासून जव्हार-मोखाड्याच्या बाजारापर्यंत हा धंदा जो कोणी करत असेल, त्याला जाहीर सांगणे आहे: 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत तो बंद करा. पुन्हा सांगायला कोणी येणार नाही.

हे बाटले भरतात कसे? घरगुती 14.2 किलोचा बाटला उलटा करायचा, पितळी जोड लावून त्याचे तोंड छोट्या बाटल्याला जोडायचे आणि हाताला जड लागला की भरला म्हणायचे. काटा नाही, माप नाही. पेटती विडी जवळपास नसली तर नशीब. आत गॅस पातळ रूपात असतो आणि उष्णता लागली की तो फुगतो. म्हणून कारखान्यात बाटला काठोकाठ भरत नाहीत, वर मोजून मोकळी जागा ठेवतात. अंदाजाने भरलेल्या बाटल्यात ती जागाच उरत नाही. भट्टीच्या धगीत किंवा वैशाखाच्या उन्हात त्याचा पत्रा फाटतो. एक लिटर पातळ गॅस बाहेर पडला की त्याचा सुमारे 250 लिटर वायू होतो. एवढ्याशा झोपडीत तो कोंडला, तर ठिणगीला वेळ लागत नाही.

पुण्याजवळ ताथवड्यात 8 ऑक्टोबर 2023 च्या रात्री काय झाले ते आठवा. टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना आग लागली, एकामागून एक सिलिंडर फुटले आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. रविवारची रात्र होती, बसमध्ये मुले नव्हती. तुमच्या दुकानासमोरून मात्र आश्रमशाळेची पोरे रोज जातात.

कायदा ठाऊक नव्हता, ही सबब चालणार नाही. विनापरवाना गॅस भरणे गॅस सिलिंडर नियम 2016 प्रमाणे मना आहे. घरगुती गॅस असा फिरवणे हा जीवनावश्यक वस्तू कायदा 1955 खालचा गुन्हा आहे, आणि त्याच्या कलम 7 मध्ये 3 महिने ते 7 वर्षे कैद सांगितली आहे. निष्काळजीपणाने माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत. शेगडीवर खोटा आयएसआय छाप मारलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 2 लाख रुपये दंड.

आता घेणाऱ्यांना. स्वस्त मिळतो म्हणून हात पुढे करू नका, आधी बाटला बघा. अधिकृत 14.2 किलोच्या बाटल्याची वरची कडी ज्या उभ्या पट्ट्यांवर बसवलेली असते, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला अक्षर आणि आकडा लिहिलेला असतो. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ जूनपर्यंत, ‘सी’ सप्टेंबरपर्यंत, ‘डी’ डिसेंबरपर्यंत. पुढचा आकडा सालाचा. ‘सी-27’ असेल तर सप्टेंबर 2027 च्या आत त्याची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटली असेल तर बाटला गाडीवरूनच परत पाठवा. रिकाम्या बाटल्याचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. त्यात 14.2 किलो मिळवा आणि काट्यावर ताडून बघा. गाडी डांबरी रस्त्यावर थांबते आणि पाड्यापर्यंत बाटला डोक्यावरून न्यावा लागतो, म्हणून कोणी वजन मागत नाही. मागा. काटा सोबत ठेवणे आणि झडप गळत नाही हे तपासून देणे पोहोचवणाऱ्याचे काम आहे. एजन्सीवाल्यांनीही हे ऐकावे: काटा न आणणाऱ्या गाडीची तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत जाईल.

भट्टीवर जाणाऱ्यांसाठी सरळ मार्ग आहे. तेल कंपन्या 5 किलोचा छोटा बाटला विकतात. इंडेन त्याला ‘छोटू’ म्हणते. ओळखपत्र दाखवले की मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. घरच्या अधिकृत जोडणीवर गॅसमुळे अपघात होऊन माणूस गेला, तर तेल कंपन्यांच्या विम्यात माणशी 6 लाख रुपयांची तरतूद आहे. बिनछापाच्या बाटल्यामागे कोणीही उभे राहत नाही.

उज्ज्वला योजना 2016 साली आली. त्या पहिल्या वर्षांत घरी आलेली नळी अजून तीच असेल तर ती आजच काढा. नळीचे आयुष्य 5 वर्षे, आणि कुडाच्या घरात उंदीर तेवढीही टिकू देत नाही. आयएसआय छापाची केशरी सुरक्षा नळीच घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो. चूल पेटलेली आणि शेजारीच बाटला, असे आपल्याकडे सर्रास दिसते. गळती झाली की गॅस आधी त्या चुलीकडेच जातो. बाटला उभा ठेवा, चुलीपासून लांब ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा. कुकर घेतानाही छाप बघा, 1 फेब्रुवारी 2021 पासून आयएसआयशिवाय कुकर विकता येत नाही.

लग्नसराईत मांडववाले आणि आचारी यांच्यावर खास नजर राहील. मुंबईत लालबागला 6 डिसेंबर 2020 रोजी लग्नघरात गॅस गळून स्फोट झाला. राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावी 8 डिसेंबर 2022 रोजी वरातीच्या तयारीत असलेल्या घरात सिलिंडरने पेट घेतला, त्यात 30 हून अधिक माणसे गेली. आपल्याकडे भाजलेल्या माणसाला साखरशेतच्या आरोग्य केंद्रातून जव्हारला आणि तिथून नाशिक नाहीतर ठाण्याला न्यावे लागते. वाटेत घाट आहे. एवढा वेळ सर्वांग भाजलेल्याकडे नसतो.

गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, बाहेर पडा आणि 1906 ला फोन करा.

भरून देणाऱ्यांसाठी मुदत 2 ऑक्टोबर. पितळी जोड मोडीत काढा, साठवलेले बाटले पुरवठा शाखेकडे जमा करा. त्या दिवशीही दुकानात बाटला भरताना दिसलात, तर तुमचे नाव ग्रामसभेत सर्वांसमोर वाचले जाईल, ठरावात लिहिले जाईल आणि ठरावाची प्रत त्याच दिवशी तहसीलदार आणि पोलीस ठाण्यात पोहोचेल.