गेमचा संगणक : जुन्यात भर घालावी की नवा घ्यावा?



गेम खेळायचा संगणक जुना झाला की घरात एकच मागणी येते, नवा घ्या. मुलगा मागो नाहीतर नातू, आपली उत्तरं ठरलेली. एकतर "किती रे खर्च करायचा?" म्हणून वाद, नाहीतर "घ्या बाबा एकदाचा" म्हणून सुटका. माझ्या मते दोन्ही उत्तरं आळसाची आहेत. मिक्सर, फ्रीज, शिलाई मशीन दुरुस्त करायचं की बदलायचं, हे आपण आयुष्यभर ठरवत आलो. संगणकाचा हिशोबही आपल्याला जमण्यासारखा आहे. त्याचे भाग तेवढे माहीत हवेत.

मुख्य भाग पाच. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड आणि या सगळ्यांना जोडणारा मदरबोर्ड. वीज पुरवतो तो एसएमपीएस. संगणक "स्लो" झाला म्हणजे सगळे भाग एकदम म्हातारे झाले असं बहुधा नसतं. एखादा मागे पडतो आणि बाकीचे त्याची वाट बघत बसतात. तो कोणता, हे दुकानात जाण्याआधी घरीच बघता येतं. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर जायचं. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल तर अडचण डिस्कची. मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅमची. जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड, ते ९५च्या पुढे असेल तर मर्यादा कार्डाची. कार्ड निवांत आणि तरीही खेळ अडखळत असेल, तर प्रोसेसरवर संशय घ्यावा. मुलांना सांगा, "आधी हे मला दाखव, मग बोलू." निम्मा वाद तिथेच मिटतो.

आमच्या घरचं उदाहरण देते. नातवाचा संगणक २०१८चा, रायझन ५ २६०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० कार्ड आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. नव्याचं कोटेशन आलं ९५ हजारांचं. टास्क मॅनेजरमध्ये दिसलं की डिस्क आणि रॅम दमल्या आहेत, कार्डाला अजून जागा आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली, पंख्यांतली धूळ काढली आणि प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. सगळे मिळून साडेसहा हजार गेले. आमच्याकडे इचलकरंजीत मागांमुळे सुताचे तंतू घरात येतात, ते पंख्यात अडकले की संगणक तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. ही सफाई तर जवळपास फुकटातली दुरुस्ती.

सगळं झकास झालं असं मात्र नाही. नवे मोठे खेळ कमी चित्रदर्जावर चालवावे लागतात. २०२५चा 'डूम : द डार्क एजेस' तर या कार्डावर चालतच नाही, त्याला रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्ड लागतं. (तो खेळ घरात आला नाही याचं मला दुःख नाही.)

मग नवा केव्हा घ्यावा? बोर्डच पुढचा भाग स्वीकारत नसेल तेव्हा. आमच्या बी४५० बोर्डावर बायोस अद्ययावत केलं की २०२२चा रायझन ५ ५६०० बसतो, म्हणजे अजून एक पायरी हातात आहे. पण इंटेलचा सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. तिथे प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्ड बदलायचा, बहुधा रॅमही. भर घालायचा खर्च नव्याच्या निम्म्यापुढे गेला की मी नव्याच्या बाजूने मत देते. तेव्हाही मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, एसएसडी आणि कॅबिनेट तीच ठेवता येतात. नवं कार्ड घालण्याआधी एसएमपीएसला तेवढे वॅट झेपतात का, हे जरूर विचारा. शिवाय २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या आहेत, कारण माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. घरातली चांगली रॅम आज सहजासहजी मोडीत काढू नका.

कॉमर्सला आम्हाला घसारा शिकवला. आयकरात संगणकाचा घसारा वर्षाला ४० टक्के. लाखाचा संगणक पाच वर्षांनी पुस्तकात ७,७७६ रुपयांचा उरतो. पण पुस्तकातली किंमत उरली नाही म्हणून वस्तूचा उपयोग संपत नाही. आणि आधी इतके घातले म्हणून आणखी घालत राहणं हेही शहाणपण नाही. गेलेला पैसा गेला. आज घातलेल्या रुपयाने उद्या किती वर्षं काम होईल, एवढंच विचारायचं.

आता आपल्या धर्माच्या अंगाने. काही जणी म्हणतील, हे खेळच अनर्थदंड, संगणकच नको. बंदुकीचे, मारामारीचे खेळ माझ्याही जिवावर येतात आणि त्याबद्दल घरात नियम असावाच. पण कोणता खेळ खेळायचा हा एक प्रश्न आणि यंत्र कोणतं ठेवायचं हा दुसरा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढला तर मुलं आपल्याला काही दाखवायचीच बंद होतात. मला त्याची जास्त भीती वाटते.

परिग्रह-परिमाण व्रत म्हणजे मर्यादा आधी ठरवायची, मोह समोर आल्यावर नव्हे. दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण प्रवचन ऐकतो आणि आठवड्यात सेलची जाहिरात बघतो. म्हणून वहीत आधीच लिहावं. वर्षाला या यंत्रावर अमुक इतकेच, आणि नवा भाग आला की जुना घरात साठवायचा नाही. नवा संगणक घडवायचा म्हणजे खाणी, कारखाने, पाणी, वीज. तेवढा आरंभ आपल्या नावावर येतोच. जुना चालवला तर त्यातला काही टळतो.

आणि जुना निघालाच तर भंगारात देऊ नका. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, त्या धुरात माणसंही असतात आणि असंख्य जीवही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या आणि त्याआधी डिस्कवरचा मजकूर नीट पुसून घ्या. खेळाला अपुरा पडणारा संगणक लिनक्स घालून पाठशाळेला किंवा बोर्डिंगच्या मुलांना अभ्यासाला पुष्कळ होतो.

'नाही' म्हणायचं तर आकडा दाखवून म्हणा, 'हो' म्हणायचं तरी आकडा दाखवूनच. मुलं उपदेश विसरतात. आजीने शेजारी बसून मांडलेला हिशोब मात्र त्यांच्या लक्षात राहतो, आणि पुढे स्वतःच्या संसारात ती तोच मांडतात.